परिभाषेवरचा राग कुणाच्या फायद्याचा?

"मी काही समीक्षक नाही. प्रतिमा, प्रतीक, लय, रूपबंध असलं काही मला कळत नाही. पण हे लेखन माझ्या मनाला भिडलं." सोलापुरात पुस्तक प्रकाशन असो, कविसंमेलन असो की महाविद्यालयातल्या वाङ्मय मंडळाचं उद्घाटन, व्यासपीठावरून हे वाक्य हमखास येतं आणि त्यावर हमखास टाळ्या पडतात. अलीकडे त्याला पुढचं शेपूटही जोडलं जातं: समीक्षेच्या या जड शब्दांनीच मराठी वाचक पुस्तकांपासून तोडला, ते फेकून द्या आणि साहित्य पुन्हा माणसांचं करा. असं बोलणारे कधी कवी असतात, कधी शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी असतात. वाईट याचं वाटतं की कधी मराठी शिकवणारेही असतात.

हे मत चुकीचं तर आहेच, पण ते घातक आहे, आणि नम्रतेच्या वेशात वावरत असल्यामुळे त्याला कुणी अडवत नाही. म्हणून ते अडवायला मी हा लेख लिहितो आहे.

त्या मताची बाजू जितकी भक्कम मांडता येईल तितकी आधी मांडतो. साहित्य हा अनुभव आहे, तो घ्यायचा असतो. चिरफाड केली की तो मरतो. रस, ध्वनी, वक्रोक्ती हे शब्द संस्कृत पंडितांचे. आकृतिबंध, मिथक, संज्ञाप्रवाह हे इंग्रजी ग्रंथ वाचलेल्या प्राध्यापकांचे. कष्टकरी माणसाच्या तोंडी यातला एकही शब्द नाही. उलट याच शब्दांचे निकष लावून दलितांचं, कामगारांचं, बायकांचं लेखन 'कलात्मक नाही' म्हणून दाराबाहेर ठेवलं गेलं. आज लेखक आणि वाचक थेट भेटतात, त्यांच्यामध्ये या संज्ञांचं काय काम? शिवाय मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मुलांना विरेचनाची व्याख्या तोंडपाठ असते, पण समोर ठेवलेली कविता वाचता येत नाही. मग त्या संज्ञांचा उपयोग तरी कोणता?

यातला शेवटचा आक्षेप अर्धा खरा आहे, त्याच्याकडे नंतर येतो. बाकीचे टिकत नाहीत.

कष्टकरी माणसाकडे कलेची परिभाषा नसते, असं सोलापुरात राहून कुणी कसं म्हणू शकतं? पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. कीर्तनाला बसलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या वारकऱ्याला निरूपण म्हणजे काय, प्रमाण कशाला म्हणतात, अभंगाचं चरण कुठे संपतं आणि चाल कुठे बदलते हे नेमकं ठाऊक असतं. कीर्तनकाराने विषयाशी न जुळणारं प्रमाण दिलं की पुढच्या ओळीतली जुनी माणसं एकमेकांकडे बघतात. नारदीय कीर्तन ऐकणाऱ्याला पूर्वरंग आणि उत्तररंग कळतात. उत्तररंगातलं आख्यान पूर्वरंगातल्या सिद्धांताला धरून नसेल तर कीर्तन कशामुळे पडलं तेही तो सांगू शकतो. ही समीक्षाच आहे आणि ती संज्ञांच्या आधारे चाललेली आहे. त्या श्रोत्याचा आनंद या संज्ञांनी कधी आटला? उलट त्या ठाऊक असतात म्हणून तो कीर्तन संपल्यावर तासभर त्याच्याविषयी बोलू शकतो.

त्याही मागे जा. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव विश्वरूपदर्शनाकडे वळण्याआधी श्रोत्यांना सांगून ठेवतात की इथे शांत आणि अद्भुत हे दोन रस एकत्र येणार आहेत आणि बाकीचे रस त्यांच्यामागून येणार आहेत. ग्रंथ शके १२१२ मधला. समोर बसलेला श्रोता काही काव्यशास्त्राच्या परीक्षेला बसलेला नव्हता. संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणायचं म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांनी रसाची परिभाषा गाळली नाही, ती सोबत आणली. सामान्य माणसाला ती झेपणार नाही, हा समज ज्ञानदेवांचा नव्हता. तो आपल्या आजच्या वक्त्यांचा आहे, आणि सामान्य माणसाच्या बुद्धीविषयी इतका हलका समज बाळगून ते स्वतःला त्याच माणसाचे कैवारी म्हणवतात.

शाहीर राम जोशी सोलापूरचे. पंडिताच्या घरात जन्मले आणि तमाशाच्या फडात रमले. त्यांच्यानंतर पिढ्यानपिढ्या तमाशा बघायला रात्रभर जमिनीवर बसणाऱ्या लोकांना गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम माहीत होता. कलगीवाले कोण आणि तुरेवाले कोण, भेदिक लावणी शृंगारिक लावणीहून वेगळी कशी, सवालाला जवाब बरोबर बसला की नाही, झीलकऱ्याने सूर कुठे उचलला, यावर गावोगाव वाद होत. या वादाला भाषा लागत होती आणि ती भाषा त्यांच्याजवळ होती. आज त्यांच्याच नातवा-पणतवांना आपण सांगतो की तुम्हाला संज्ञा नकोत, तुम्ही फक्त भारावून जा. ही प्रगती म्हणायची का?

मराठी गझलेचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मतला, मक्ता, शेर, काफिया, रदीफ, अलामत, जमीन हे सगळे शब्द त्यांनी साध्या मराठीत समजावून सांगितले आणि गझल लिहू पाहणाऱ्या तरुणांच्या हाती ती बाराखडी पडेल असं पाहिलं. भट काही शुष्क पंडित नव्हते. सभेत गझल म्हणायला उभे राहिले की लोक श्वास रोखून ऐकत. तरीही त्यांना कळलं होतं की नव्या मुलाला 'मनापासून लिही' एवढाच सल्ला दिला तर तो कायमचा आपल्या दारात उभा राहील. अलामत म्हणजे काय ते सांगितलं तर तो आपली चूक आपण शोधील. तालुक्याच्या गावात, शेतात, गिरणीच्या चाळीत बसून माणसं तंत्रशुद्ध गझल लिहू लागली ती या शब्दांच्या जोरावर. सात-आठ संज्ञांनी एका काव्यप्रकाराचं दार उघडलं. ज्यांना संज्ञा म्हणजे भिंत वाटते, त्यांनी या घटनेचा अर्थ लावून दाखवावा.

आता जातीचा आणि वर्गाचा मुद्दा. तो सगळ्यांत गंभीर आहे, आणि त्याचा दुरुपयोगही सगळ्यांत जास्त होतो.

जुन्या निकषांनी दलित लेखनावर अन्याय केला, हे संपूर्ण खरं. त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी त्यावर काय केलं, हे बघा. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. १९८४ साली त्यांचं 'अक्करमाशी' आलं. हे आत्मकथन वाचून लोक हादरले, रडले, अस्वस्थ झाले. 'मनाला भिडलं' एवढंच म्हणायचं असतं तर त्या पुस्तकासाठी ते पुरेसं होतं. लिंबाळ्यांना ते पुरलं नाही. १९९६ साली त्यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं. त्यात ते सत्य, शिव, सुंदर या त्रयीलाच हात घालतात. वाचकाला आनंद देणं हेच साहित्याचं प्रयोजन असेल तर अपमानाचं, भुकेचं, बहिष्काराचं लेखन कोणत्या मापाने मोजायचं, असा प्रश्न ते उभा करतात आणि स्वातंत्र्य, माणूसपण, आंबेडकरी जाणीव या कल्पनांना निकषाच्या जागी बसवतात. त्यांचं म्हणणं पटो न पटो, त्यांनी कोणता मार्ग निवडला हे महत्त्वाचं आहे. त्यांनी परिभाषा फेकली नाही. दुसऱ्याची परिभाषा आपल्याला पुरत नाही हे सिद्ध केलं आणि आपली घडवायला घेतली.

ते एकटे नव्हते. भालचंद्र फडक्यांचं 'दलित साहित्य: वेदना व विद्रोह' १९७७ चं. बाबूराव बागुलांनी दलित साहित्याला क्रांतिविज्ञान म्हटलं. शरद पाटलांनी १९८८ मध्ये 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' लिहून थेट रससिद्धान्ताशी सामना केला. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' चालवत होते आणि त्याच्या पानांवर वर्षानुवर्षं वाद झडत होते: नकार म्हणजे काय, विद्रोह आणि आक्रोश यांत फरक कसा करायचा, आत्मचरित्राचे निकष आत्मकथनाला लावता येतात का. पोटाला चिमटा काढून छापलेल्या अंकांत ही माणसं संज्ञांवर भांडत होती. का? संज्ञा ज्याच्या हातात, निवाडा त्याच्या हातात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. 'हे ज्वलंत आहे, पण कलात्मक नाही' या एका वाक्याने त्यांची पुस्तकं बाजूला सारली जात होती. त्या वाक्याला उत्तर द्यायचं तर 'कलात्मक' या शब्दाच्या पोटात शिरावं लागतं, तो कुणी आणि कशासाठी घडवला ते दाखवावं लागतं. नुसतं 'आमच्या मनाला भिडतं' म्हणून ते वाक्य परतवता आलं असतं का? समोरचा म्हणाला असता, माझ्या मनाला नाही भिडत. वाद तिथेच संपला असता, आणि जिंकला असता तोच, ज्याच्या हातात मासिकं, बक्षिसं आणि अभ्यासक्रम होते.

म्हणून लिंबाळ्यांचं नाव घेऊन कुणी परिभाषेला झोडपू लागलं की मला संताप येतो. ज्या लढाईत या जिल्ह्याच्या एका मुलाने शस्त्र घडवलं, त्या लढाईच्या नावाने आपण पुढच्या मुलांना निःशस्त्र करतो आहोत.

परकेपणाचा आक्षेप फार वेळ देण्याजोगा नाही. कादंबरी, लघुकथा, सुनीत, मुक्तछंद हे प्रकार आपण घेतले तेव्हा त्यांच्याविषयी बोलण्याची भाषाही येणारच होती. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' १९४२ ची. ती वाचायची तर संज्ञाप्रवाह हा शब्द हाताशी लागतोच, कारण ती कादंबरी घटनांच्या क्रमाने चालत नाही, मनात उमटत जाणाऱ्या गोष्टींच्या क्रमाने चालते. लेखन आधी आलं, शब्द त्याच्या मागून आला. शिवाय मर्ढेकरांनी पश्चिमेकडून नुसती उचल केली नाही. संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वं मांडून त्यांनी मराठीतच सौंदर्याची एक उपपत्ती उभी केली आणि पुढच्या पिढ्या तिच्याशी भांडत राहिल्या. नेमाड्यांनी देशीयतेचा विचार मांडला तो पाश्चात्त्य निकषांच्या विरोधात, पण तोही एक संज्ञा घडवूनच. परकी संज्ञा खुपत असेल तर आपली घडवा, इतका मार्ग मोकळा आहे. मुकं राहणं हा देशीपणा नव्हे.

आता 'चिरफाड केली की अनुभव मरतो' या लाडक्या युक्तिवादाकडे वळू. हा युक्तिवाद करणाऱ्याने कधी एखाद्या कलाकृतीजवळ संज्ञा घेऊन बसून पाहिलं आहे का? आपण बसू. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा 'फँड्री' २०१३ चा. चित्रपट संपल्यावर सगळे सुन्न होतात, हे झालं. पण सुन्न कशाने होतात?

एक प्रसंग घ्या. डुकराच्या मागे धावणारं कैकाडी कुटुंब शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थांबतं, आणि डुक्कर मात्र निसटतं. मर्ढेकरांची विरोधलय इथे डोळ्यांसमोर घडते: ज्या गीतात सगळा देश सामावलेला आहे, ते गीत त्या देशाने बाहेर ठेवलेल्या कुटुंबाला खिळवून ठेवतं, आणि कुटुंब निष्ठेने उभं राहतं म्हणून त्याची मेहनत वाया जाते. संवादातला एकही शब्द हे सांगत नाही. सांगितलं जातं ते व्यंजनेने. पुढे बांधलेलं डुक्कर काठीवरून वाहून नेताना कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. इथे माझा दिग्दर्शकाशी थोडा वाद आहे. ही चौकट उघडपणाच्या काठावर उभी आहे. अर्थ जवळजवळ बोट दाखवून सांगितला आहे. ती सावरते एकाच कारणाने: ओझं वाहणाऱ्यांची नजर भिंतीकडे नाही. चित्रं फक्त आपल्याला दिसतात. पात्रांचा दृष्टिकोन आणि प्रेक्षकाचा दृष्टिकोन इथे वेगळे पडतात आणि त्या फटीत आपली लाज उभी राहते.

काळी चिमणी हे या चित्रपटाचं प्रतीक. तिची राख टाकली की आवडती मुलगी वश होते, असं या कुटुंबातल्या मुलाला, जब्याला, वाटतं, आणि चिमणी शेवटपर्यंत हाती लागत नाही. भिंत ही प्रतिमा आहे, एकाच क्षणी पूर्ण होणारी. चिमणी हे प्रतीक आहे, सबंध कथेभर अर्थ साठवत जाणारं. हा फरक ध्यानात आला की शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो नुसता राग राहत नाही. चिमणीसाठी उचलल्या जाणाऱ्या दगडाचं लक्ष्य बदललेलं असतं. तो कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे बघणाऱ्यावर येतो, आणि तोवर गोष्ट ऐकणारे आपण गोष्टीतले होऊन जातो.

एवढं बोलल्याने 'फँड्री' मेला का? आणि ज्यांना माझं भिंतीविषयीचं मत पटलं नाही, ते आता मला उत्तर देऊ शकतात. ती चौकट उघड नाही, मंजुळ्यांना तिथे घोषणाच हवी होती आणि घोषणेलाही कलेत जागा असते, असं ते म्हणू शकतील. मी त्यांचं ऐकेन. आमचा वाद होईल आणि दोघेही तो प्रसंग पुन्हा बघू. 'मला भिडला' आणि 'मला नाही भिडला' यांच्यात असा वाद होईल का?

यावर एक उत्तर तयार असतं: हे समीक्षकांचं काम, रसिकाला काय करायचंय? सोलापूरकराला हे समजावणं अवघड नसावं. घरी चादर पांघरणाऱ्याला जेकार्ड म्हणजे काय ते ठाऊक नसलं तरी त्याची ऊब कमी होत नाही. पण मागावर नक्षी बिघडली तर दोष ताण्यात आहे की बाण्यात, हे नाव घेऊन सांगणारा माणूस लागतो. पांघरणाऱ्याचं अज्ञान क्षम्य आहे. व्यासपीठावर बसून लिहिणाऱ्यांना मार्गदर्शन करणारा, परीक्षक होणारा, पुरस्कार देणारा माणूस पांघरणारा नसतो. त्याने मागाजवळ उभं राहायचं स्वीकारलेलं असतं, आणि 'मला त्यातलं कळत नाही' हे त्याच्या तोंडी शोभत नाही.

परिभाषा नाकारण्याचे परिणाम सभागृहापुरते राहत नाहीत. कलेविषयी बोलण्याची नेमकी भाषा समाजाने टाकून दिली की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे पोलीस, जमाव आणि वकील येतात. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ मध्ये आल्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले. चित्रकार मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. त्यांच्या चित्रांविषयी आपण गावोगाव काय बोललो? भावना दुखावल्या, की नाही दुखावल्या. रेषा, आकृती, विरूपण, भारतीय शिल्पपरंपरेतली नग्नता आणि आधुनिक चित्रातली नग्नता यांचं नातं, यातला एक शब्द तरी चौकातल्या भांडणात आला का? तो ऊहापोह शेवटी २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात झाला. तोवर हुसेन देश सोडून गेले होते. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये ते लंडनमध्ये वारले. त्यांच्या जन्मगावाच्या जिल्ह्यात त्यांच्या चित्रांविषयी बोलायला शब्द नव्हते, ही आपली लाज आहे.

वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा खटला तर थेट मराठी कवितेचा. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये न्यायालयाने ठरवलं की इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीचं नाव असल्या भाषेशी जोडताना कसोटी अधिक कडक लागेल आणि कवीला खटल्याला तोंड द्यावं लागेल. त्या कवितेतला 'मी' कोण? तो कवी आहे की कवितेने उभा केलेला निवेदक? त्यात भेटणारा गांधी हा इतिहासातला गांधी, की त्याच्या नावावर चाललेल्या बाजाराची प्रतिमा? उपरोध नेमका कुणावर आहे? हे प्रश्न साध्या साक्षर वाचकाच्या आटोक्यातले आहेत. पण निवेदक, प्रतिमा, उपरोध हे शब्दच ज्याला नकोत, त्याच्या हाती काय उरतं? कवितेत गांधींचं नाव आहे, शेजारी शिव्या आहेत, म्हणजे कवीने गांधींना शिव्या दिल्या, इतकंच. 'मनाला भिडलं' म्हणणारा आणि 'मनाला लागलं' म्हणून तक्रार गुदरणारा, दोघांचं वाचन एकाच पायरीवर थांबलेलं असतं. म्हणून मी या मताला घातक म्हणतो.

आता तो अर्धा खरा आक्षेप. होय, आपल्या वर्गांत संज्ञा मारून टाकल्या जातात. व्याख्या फळ्यावर लिहिली जाते, मुलं ती उतरवून घेतात, मार्गदर्शकातून पाठ करतात, सेट-नेटच्या पर्यायांत खूण करतात, आणि दोन वर्षांत कवितेचं एकही कडवं संज्ञेच्या शेजारी ठेवून वाचलं जात नाही. हे दुःख मी रोज बघतो. पण हा गुन्हा शिकवण्याचा आहे. ध्वनी म्हणजे काय हे कवितेवाचून शिकवलं तर ते मरणारच. त्यावर उपाय म्हणून कविता अधिक वाचायची की संज्ञाच हद्दपार करायच्या? आणि ज्यांनी वर्षानुवर्षं वर्गात व्याख्या सांगून वेळ काढला, तेच निवृत्तीनंतर व्यासपीठावरून संज्ञांना निरुपयोगी म्हणू लागतात, तेव्हा त्यांना विचारलं पाहिजे की निरुपयोगी त्या केल्या कुणी?

याच शहरात राहून त्र्यं. वि. सरदेशमुखांनी बालकवी, रामदास, गडकरी यांच्याविषयी लिहिलं. विद्यापीठांच्या राजधान्यांपासून दूर राहून इतकं सखोल लिहिता येतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निर्मलकुमार फडकुल्यांनी इथेच शिकवलं आणि संतसाहित्यावर बोलताना हजारोंना बांधून ठेवलं. या दोघांनी संज्ञा टाळून लोकप्रियता मिळवली नाही. सोलापूरला ही परंपरा असताना 'आम्हाला त्यातलं कळत नाही' हे आपलं ब्रीद कधीपासून झालं?

आणि याची किंमत कोण मोजतं? शहराच्या पूर्व भागातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे कविता घेऊन आली होती. घरी तेलुगू, लिहिणं मराठीत. आई विड्या वळते. कवितेत तेंदूपानं भिजवणं, कात्रीने कापणं, तंबाखू भरून दोऱ्याने बांधणं, हजाराचा हिशेब आणि कारखान्यात बाद ठरवलेल्या विड्या, सगळं होतं. ती एका कार्यक्रमात वाचली तेव्हा पाहुण्यांनी डोळे पुसले आणि 'भिडली' म्हणाले. तिने मला विचारलं, "सर, मग यात बदलू काय?" त्या अश्रूंतून तिला काही मिळालं नव्हतं. कवितेत बोलणारी आधी आई होती आणि मध्येच कुठलीही खूण न देता मुलगी बोलू लागत होती; निवेदक असा सुटला होता. शेवटी 'शोषण' हा शब्द आला होता आणि त्याने वरच्या सगळ्या प्रतिमांचं काम हिरावून घेतलं होतं. हे तिला नावानिशी सांगितल्यावर ती भांडली. 'शोषण' हा शब्द तिने ठेवला, जागा बदलून, आणि का ठेवला तेही मला पटवून दिलं. निवेदक मात्र तिने सावरला. ती माझ्याशी भांडू शकली, कारण भांडायचं कशावर हे दोघांनाही ठाऊक होतं. डोळे पुसणाऱ्या पाहुण्यांशी ती कशी भांडणार होती?

शब्द काढून घेतले की लिहिणाऱ्याचं मोठेपण ठरवायला फक्त माणसं उरतात: कुणी स्तुती केली, त्याची खुर्ची केवढी, त्याची ओळख कुणाशी. मोठ्या घरातल्या, मोठ्या शहरातल्या, ओळखीपाळखीच्या लेखकाला याचा काही त्रास नाही. त्याला भिडणारी मनं तयारच असतात. मार खातो तो ओळख नसलेला. त्याच्याजवळ त्याची ओळ असते, आणि ती ओळ का चांगली आहे हे दाखवून देणारी भाषा असते. ती भाषा तुम्ही साहित्य माणसांचं करण्याच्या नावाखाली त्याच्याकडून काढून घेता?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. व्यासपीठावर पुस्तक हातात घ्याल तर त्यातली एक कविता, एक परिच्छेद, एक प्रसंग उघडा. कोण बोलतंय ते सांगा. कोणती प्रतिमा शेवटपर्यंत टिकली आणि कोणती दुसऱ्याच ओळीत कोसळली, लय कुठे मोडली आणि ती मुद्दाम मोडली की हातून सुटली, विद्रोह कुठे आहे आणि नुसता आवाज कुठे चढला आहे, हे नाव घेऊन सांगा. जुने शब्द अपुरे वाटत असतील तर नवे घडवा, तेलुगूतून आणा, कन्नडातून आणा, फडातून आणा, मुशायऱ्यातून आणा. लिहिणाऱ्याला आणि समोर बसलेल्यांना तुमच्याशी असहमत होता येईल असं काहीतरी बोला. आणि ते बोलता येत नसेल, तर ती खुर्ची ज्याला बोलता येतं त्याच्यासाठी मोकळी करा. समोरच्या रांगेत रसिकांसाठी जागा आहे.